मंडळाने वाचवलेली एकमेव वास्तू

"या अर्जात कुणी काना-मात्रेची चूक काढून दाखवावी," असं चिटणिसांनी छाती पुढे काढून सांगितलं, तेव्हा समोर ऐकायला तीनच माणसं होती. वारसा जतन मंडळाचे सभासदच मुळी चार. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मास्तर, दुसरे घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी, तिसरे स्टुडिओ चालवणारे फोटोवाले आणि चौथे चिटणीस स्वतः. मंडळाला अकरा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात त्यांनी तीन इमारतींसाठी जिवाचं रान केलं आणि तिन्ही जमीनदोस्त झाल्या. तिसरी तर मंडळ फीत धरून मोजमाप घेत असतानाच आपणहून खाली बसली.

आता पाळी होती पंपघराची. शहराला नळाचं पहिलं पाणी दिलं ते या पंपघराने. लाल विटांच्या भिंती, गोल खिडक्या, वर उंच धुराडं. चिटणिसांचे वडील तिथे भट्टीवर कामाला होते. लहानपणी त्यांचा डबा पोचवायला गेलं की त्या यंत्रांची धडधड पायातून पोटात शिरायची. तिथे आता नगरपालिकेला गाड्या उभ्या करायची जागा हवी होती.

चिटणिसांची सगळी नोकरी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेली. दुसऱ्यांच्या चुका काढून संसार केलेला माणूस. त्यांनी तेरा पानांचा अर्ज मोत्यासारख्या अक्षरात भरला आणि तो दोनदा परत आला. खिडकीवरच्या कारकुनाचं म्हणणं एकच, घर क्रमांकाचा रकाना रिकामा आहे. पंपघराला घर क्रमांक नव्हता, कारण तिथे कधी कुणी राहिलंच नव्हतं. चिटणिसांनी हे तोंडी सांगून पाहिलं, लेखी सांगून पाहिलं. कारकून म्हणाला, रकाना रिकामा चालत नाही. तिसऱ्या वेळी चिटणिसांनी मनाशी हसून त्या रकान्यात स्वतःच्या घराचा क्रमांक आणि गल्ली घातली. कागदपत्रं निदान आपल्याच हातात पडतील, हा हिशेब. कारकुनाने अर्जावर शिक्का मारला. त्या दिवशी चिटणीस घरी आले ते कुणाला तरी कात्रजचा घाट दाखवल्याच्या ऐटीत.

बुधवारी अकरा वाजता पाहणी होईल, असं पत्र आलं. पत्रात 'सदर वास्तू' एवढंच लिहिलं होतं. बुधवारी दहालाच चौघे पंपघरापाशी हजर झाले. मास्तरांनी भाषण पाठ केलं होतं, फोटोवाल्यांनी कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवलं होतं. बारा वाजले, दोन वाजले. चार वाजता घड्याळजींनी मनगटाकडे पाहून सांगितलं की आपलं घड्याळ बरोबर आहे, म्हणजे आता कुणी येत नाही.

येणारा माणूस बरोबर अकरा वाजता आला होता. चिटणिसांच्या घरी.

चिटणिसांची बायको त्या दिवशी वेगळ्याच माणसाची वाट पाहत होती. बावीस वर्षं मागे लागून तिने स्वयंपाकघर नवं करायला नवऱ्याचा होकार मिळवला होता आणि ओट्याच्या, टाइल्सच्या कामाचा अंदाज घ्यायला माणूस येणार होता. दारात कागद लावलेली पाटी घेऊन उभा असलेला गृहस्थ पाहिल्यावर तिने त्याला सरळ आत नेलं.

तो गृहस्थ मोठा सभ्य. त्याने विचारलं, हा ओटा कधीचा? ती म्हणाली, माझ्या आजेसासूबाईंच्या वेळचा, तेव्हापासून त्याला कुणी बोट लावलेलं नाही. आणि ही फरशी? तीही तेव्हाचीच. खिडकी? तिचं तर नावच काढू नका. तो लिहीत गेला तसा तिला हुरूप आला. इतकी वर्षं तिचं हे गाऱ्हाणं कुणी कागदावर उतरवून घेतलं नव्हतं. मग त्याने विचारलं, "आणि पंप?"

तिने परसातला गंजका हातपंप दाखवला. मेला कित्येक वर्षं थेंब देत नाही, म्हणाली. त्याने पंपाचे चार बाजूंनी चार फोटो घेतले. तिला वाटलं, काम करणारा माणूस असा हवा. निघताना तिने विचारलं, किती दिवस लागतील?

"तीन आठवड्यांत ऑर्डर निघेल," तो म्हणाला.

ती खूश झाली. टाइल्स मागवायला तेवढे दिवस लागायचेच. अंदाज घेणारा खरा माणूस त्या दिवशी फिरकलाच नाही.

दुसऱ्या दिवशी चिटणीस तणतणत कचेरीत गेले. पाहणी झालीच नाही म्हणाले. कारकुनाने फाइल उघडून दाखवली. पाहणी झाली होती आणि अहवालात शेरा होता, 'मूळ स्वरूप पूर्णपणे अबाधित. जतन अत्यावश्यक.' चिटणिसांच्या डोळ्यांत पाणीच आलं. अधिकारी आपण पोचायच्या आधीच येऊन गेला असणार, असं ते धरून चालले आणि वरचा पत्ता काही त्यांनी वाचला नाही. मास्तरांना हे सांगितलं तेव्हा मास्तर खुर्चीतून उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले. मंडळाला जिंकायची सवय नव्हती.

तीन आठवड्यांनी, सोमवारी सकाळी, गवंडी आला. आपला माणूस ऑर्डरचं बोलून गेला आहे, याच भरवशावर बायकोने गवंड्याला निरोप धाडला होता. चूल बाहेरच्या खोलीत आली, भांडी पलंगाखाली गेली. जुना ओटा बाहेर काढायला वाट हवी म्हणून गवंड्याने स्वयंपाकघराच्या आणि बाहेरच्या खोलीच्या मधल्या भिंतीला हातोडा घातला आणि माणूस वाकून जाईल एवढं भगदाड पाडलं. तेवढ्यात नगरपालिकेचा शिपाई आला आणि दाराला कागद चिकटवून गेला. ही वास्तू संरक्षित असून आजच्या स्थितीत कोणताही फेरबदल करणाऱ्यावर कारवाई होईल. गवंड्याने तो अक्षर अक्षर लावून वाचला, हत्यारं पिशवीत भरली आणि निघून गेला.

चिटणिसांनी कागद वाचला नाहीच. लांबून शिक्का दिसला, 'संरक्षित' शब्द दिसला, तसा त्यांनी तो दारावरून सोडवला आणि चपला घालत पंपघराकडे धावले. कारण फोटोवाल्यांचा मुलीकरवी निरोप आला होता की पंपघरापाशी पाडकामाचं यंत्र येऊन उभं आहे.

यंत्र खरंच उभं होतं. चिटणीस धापा टाकत त्याच्यापुढे जाऊन आडवे झाले आणि कागद उंच धरला. पाडकामावर आलेला नगरपालिकेचा साहेब गाडीतून खाली उतरला. त्याने कागद सावकाश, सगळा वाचला.

"काका," तो म्हणाला, "हा तुमच्या घराचा आहे."

चिटणिसांनी कागद हातात घेतला. पत्ता वाचला. पुन्हा वाचला. क्रमांक बरोबर होता, गल्ली बरोबर होती, काना-मात्रेची चूक नव्हती. पंपघराविषयी कचेरीत एकही हरकत आली नसल्याचं साहेबाने सांगितलं आणि त्यांना हाताला धरून बाजूला घेतलं. विटा आधी पडल्या, मग खिडक्या. धुराडं जरा वेळ तसंच उभं राहिलं, मग तेही गेलं. चिटणीस धूळ अंगावर घेत उभे होते. कुणीतरी त्यांना पाणी आणून दिलं, ते त्यांनी तसंच हातात धरून ठेवलं.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं खरं सांगितलं. ती चिडली नाही. तिने फक्त विचारलं की आता भगदाडाचं काय. चिटणीस कचेरीत गेले. तिथे कळलं की वास्तू आदेशाच्या दिवशी होती त्याच स्थितीत ठेवायची आहे. त्या दिवशी भगदाड होतं. तेव्हा ते मोठंही करता येणार नाही आणि बुजवताही येणार नाही. संरक्षण उठवायची तरतूद होती. त्यासाठी स्थानिक वारसा मंडळाचं ना-हरकत पत्र लागणार होतं.

चिटणिसांना हायसं वाटलं. मंडळ तर घरचंच.

रविवारी चिटणिसांच्याच बाहेरच्या खोलीत सभा भरली. बायको भगदाडापलीकडे पोळपाट धुवत होती, तिला शब्दन्‌शब्द ऐकू येत होता. चिटणिसांनी अडचण मांडली. मग मास्तरांनी घसा खाकरला.

"अकरा वर्षांत आपल्या हातून चार गेल्या," ते म्हणाले. "वाचली ती ही एकच. तिच्यावरचं संरक्षण उठवा असं आपणच लिहून द्यायचं? मग मंडळ कशाला ठेवायचं?"

घड्याळजी भगदाडाकडे बघत म्हणाले की विटा जुन्या पद्धतीच्या आहेत खऱ्या. फोटोवाल्यांनी मान डोलावली. पत्र देण्याच्या विरोधात असणाऱ्यांनी हात वर करावेत, असं मास्तरांनी सांगितलं. हात वर झाले. सगळे निघून गेले.

संध्याकाळी चिटणीस सभेचं इतिवृत्त लिहीत बसले होते. बायको हात पुसत भगदाडातून वाकून बाहेर आली आणि त्यांच्या खांद्यावरून वाचू लागली. 'ना-हरकत पत्र देण्याचा ठराव एकमताने नामंजूर.'

"एकमताने म्हणजे?" तिने विचारलं.

"चारही मतं."

"तुमचं धरून?"

चिटणिसांनी पेन खाली ठेवलं. तिच्याकडे बघायचं त्यांना धैर्य होईना.

"अगं, ते पंपघर पाडलं ना, तेव्हा मी तिथे उभा होतो," ते म्हणाले. "आणखी एक पाडायला हो म्हणवेना मला. हात आपोआप वर गेला."



"अहो," ती म्हणाली, "हे कुठे पाडायचं होतं? टाइल्स लावायच्या होत्या फक्त."

यावर चिटणिसांनी काय उत्तर दिलं, त्याची इतिवृत्तात नोंद नाही.