पट्टा एकच

दोघी जावांनी कपडे धुण्याची मशीन एकाच दिवशी घेतली होती, कारण दुसरीकडे आधी आलेली बघणं एकीलाही सोसलं नसतं. साहजिकच दोन्ही मशीन एकाच आठवड्यात बंद पडल्या. थोरली वरच्या मजल्यावर, धाकटी खाली, आणि मधे जिन्यात मेकॅनिक.

त्या काळी अख्ख्या भागात मेकॅनिक तो एकच, आणि त्याच्याकडे मशीन फिरवणारा पट्टाही एकच उरलेला. दुसरा यायला महिना तरी लागेल, आता आधी कुणाकडे बसवू ते सांगा, असं तो म्हणाला.

थोरलीने वडीलकीचा मान पुढे केला. धाकटीने चहा पुढे केला. चहाचा कप पाहून थोरलीने केक कापला. खालून जेवणाचा आग्रह झाला, तेव्हा वरून नवऱ्याचा नवाकोरा स्वेटर खाली आला. तो बिचारा नवरा पुढे हिवाळाभर कपाटं उचकत होता.

"तुमच्या मुलीचे फ्रॉक मी शिवून देईन. वर्षभर," थोरलीने मेकॅनिकला शेवटचं सांगितलं.

धाकटीला सुईत दोरा ओवता येत नव्हता. ती आत गेली आणि बराच वेळ भांडी आपटत राहिली.

वरची मशीन फिरू लागली. आवाज खाली जावा म्हणून थोरली मुद्दाम खिडकी उघडी ठेवी. तो सासूबाईंनाही ऐकू गेला. एकीची चालतेय ना, मग सगळ्यांचे कपडे तिकडेच द्या, असा त्यांनी निकाल दिला. संध्याकाळपर्यंत चादरी, पडदे, धाकटीच्या मुलांचे चिखलाचे कपडे, सगळं वर पोहोचलं.

"ताई, कॉलर तेवढ्या हाताने चोळा हं," धाकटी जिन्यातून गोड आवाजात म्हणाली.

महिना उलटला, पट्टा येईना. फ्रॉक शिवून आणि दिराचे शर्ट वाळत घालून थोरलीची कंबर धरली. शेवटी ती केक घेऊन मेकॅनिकच्या दुकानात गेली. तुमच्या मुलाचेही कपडे शिवते, पण धाकटीची मशीन आधी सुरू करा, असं तिने अगदी काकुळतीने विनवलं.

मेकॅनिक जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला.

"वहिनी, पट्टा केव्हाच आलाय. पण धाकट्या वहिनींचा रोज डबा येतो. म्हणतात, आम्हाला काही घाई नाही."

थोरलीने डब्याकडे पाहिलं. त्याच्याखाली पसरलेला रुमाल तिनेच सकाळी धुऊन, इस्त्री करून खाली पाठवला होता.