बिनडोक यंत्रांचा प्रश्न

शाळेच्या संगणक-खोलीतल्या हार्ड डिस्कनी एकेक करून माना टाकल्या, तेव्हा मुख्याध्यापकांनी तिथे व्हरांड्यातलं टेबल टेनिसचं टेबल ठेवायचं ठरवलं. संगणकाच्या बाई आडव्या आल्या. त्यांनी मेलेल्या डिस्क काढल्या, कोपऱ्यात एक जुना सर्व्हर मांडला आणि सगळी यंत्रं तारेने त्याला जोडली.

"सर, आता यांना डिस्क लागतच नाही. यंत्र चालू झालं की तारेवरून हाक मारतं, 'मी काय करू?' सर्व्हर उत्तर देतो, यंत्र चालवणारी लिनक्स प्रणाली पाठवतो. झालं!"

"म्हणजे बिनडोक यंत्रं!"

"बिनडिस्क, सर."

"तेच ते. शनिवारी संस्थेचे अध्यक्ष येतायत. चालली तर खोली तुमची. नाहीतर टेबल आत."

घरी सासऱ्यांनीही तोच शब्द वापरला. वास्तविक त्यांचाच संगणक बाईंनी सरावासाठी डिस्क काढून आपल्या लॅपटॉपवरून चालवला होता. सासरे त्यावर रोज सकाळी बुद्धिबळ खेळत आणि गोळी घ्यायला हमखास विसरत. म्हणून बाईंनी युक्ती केली होती. संगणक सुरू झाला की आधी ठसठशीत अक्षरांत प्रश्न येई, 'अण्णा, गोळी घेतलीत का?' 'हो' दाबल्याशिवाय प्यादं हलत नसे.

शनिवारी बाईंना नुसतं यश पुरेना, ते मिरवायचंही होतं. आणि का मिरवू नये? मुख्याध्यापकांच्या नाकावर टिच्चून खोली उभी केली होती! कोणतं यंत्र जागं झालं ते पाहुण्यांना दाखवावं, म्हणून त्यांनी घरचा लॅपटॉप आणून त्याच तारेला जोडला. तिथेच घात झाला.

अध्यक्ष आले. "ही आमची बिनडोक यंत्रं," मुख्याध्यापकांनी ओळख करून दिली. बाईंनी ऐटीत बटण दाबलं. यंत्रांनी हाक मारली. म्हातारा सर्व्हर घसा खाकरतोय तोवर लॅपटॉपने घरच्या सवयीने उत्तर देऊनही टाकलं. आधी बोलेल त्याचं ऐकायचं, एवढंच या यंत्रांना कळतं.

खोलीभर एकच प्रश्न झळकला: 'अण्णा, गोळी घेतलीत का?'

बाईंचा हात लॅपटॉपच्या तारेकडे गेला. मुख्याध्यापक नजरेनेच दाराची रुंदी मोजू लागले.

"साहेब, जरा चूक..." बाई पुटपुटल्या.

"चूक कसली? घरी मला अण्णाच म्हणतात." अध्यक्षांनी खिसा चाचपला. "अरेच्चा, खरंच राहिली की! पाणी आणा बघू."

त्यांनी गोळी घेतली आणि 'हो' दाबलं. यंत्र झकास सुरू झालं. लॅपटॉपची तार उपटायला गेलेला हात बाईंनी हळूच मागे घेतला.

"यांना बिनडोक म्हणत होतात ना, मुख्याध्यापक?" अध्यक्ष म्हणाले. "अहो, इतकी वर्षं मी इथे येतोय. तुमच्यापैकी एकाने तरी कधी विचारलंत?"

टेबल व्हरांड्यातच राहिलं. बाई घरी आल्या त्या जवळजवळ तरंगतच.

"अण्णा, खोली वाचली! सगळी यंत्रं चालली!"

"चालणारच. सून कुणाची आहे?" सासऱ्यांची छाती फुगली. आता सबंध गल्लीला ते हे सांगणार, यात शंका नव्हती.

"गोळी घेतलीत ना?"

सासऱ्यांनी समोरच्या काळ्याठिक्कर पडद्याकडे रुसून बोट केलं.

"कशी घेणार? आज त्याने विचारलंच नाही."

बाईंनी पिशवीतून लॅपटॉप बाहेर काढला.