दगडोबाची बदली

"आज हा हलल्याशिवाय मी घरी जाणार नाही," मोठ्या बाई म्हणाल्या आणि शाळेच्या सभागृहात मधोमध खुर्ची टाकून बसल्या.

समोर दगडोबा उभा होता. दगडोबा म्हणजे परक्या राजवटीतल्या कुणा बड्या अधिकाऱ्याचा दगडी पुतळा. छातीवर बिल्ले, डोक्यावर पार छताच्या तुळईला टेकलेली उंच टोपी आणि चेहरा असा, की अख्ख्या वर्गाने गृहपाठ केलेला नाही हे त्याला आधीच कळलंय. त्याचं खरं नाव चौथऱ्यावर कोरलं होतं म्हणे. पण त्यावर मुलींच्या कित्येक पिढ्यांनी कर्कटकाने स्वतःची नावं कोरून ठेवली होती, त्यामुळे ते बिचारं गुदमरून गेलं होतं.

परकं राज्य जाऊन किती वर्षं झाली! नोटा बदलल्या, रस्त्यांची नावं तर दोन-दोनदा बदलली. दगडोबा मात्र ढिम्म. त्याला हटवायला कुणाचीच ना नव्हती. भांडण होतं ते त्याच्या जागी कोण, याचं. गावात भाषा नाना, पंथ नाना, आणि प्रत्येकाकडे एकेक थोर पुरुष तयार. नदीपलीकडच्यांना त्यांचा कवी हवा होता, टेकडीवाल्यांना त्यांचा सेनापती, पेठेतल्यांना त्यांचा दानशूर व्यापारी. दरवर्षी बैठक व्हायची आणि एकाच मुद्द्यावर एकमत व्हायचं: तुमचा नको. अशा रीतीने, कुणालाच नको असलेला तेवढा टिकून राहिला.

मोठ्या बाईंचं मात्र त्याच्याशी जुनं वैर होतं. त्या याच शाळेत शिकलेल्या. त्या वेळी स्वातंत्र्य मिळालं होतं, पण दगडोबाला सकाळी सलाम करायचा नियम रद्द करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. एकदा त्यांनी सलाम केला नाही, तर दिवसभर त्याच्या पायाशी उभं राहावं लागलं. आता त्या निवृत्तीला आल्या होत्या. त्याआधी याला दाराबाहेर गेलेला डोळ्यांनी बघायचा, एवढं एकच मागणं उरलं होतं.

म्हणून यंदाच्या स्वातंत्र्यदिनाआधी त्यांनी घरोघर जाऊन समेट घडवून आणला. कुणाचाच थोर पुरुष नको, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा बसवू. सगळे खूश! मग देवीने वस्त्र कुणासारखं नेसायचं यावर खडाजंगी झाली, म्हणून धड वगळलं. नाक कुणासारखं, यावरून हातघाई झाली, म्हणून डोकं वगळलं. वगळता वगळता शेवटी उरला एक हात. मशाल धरलेला.

"डावा की उजवा?" कुणीतरी विचारलंच. बाईंनी त्याच्याकडे असं काही बघितलं, की तो मुकाट खाली बसला.

तर तो हात आता आला होता. शिपाईमामांनी तो काखोटीला मारून आणला.

"बाई, फारच हलका आहे हो. स्वातंत्र्य आतून पोकळ दिसतंय."

"मामा, जिभेला हाड असू द्या. ठेवा तिकडे."

कंत्राटदाराने दगडोबाच्या पायाशी पहार घातली आणि जोर लावला. दगडोबा बोटभर कलला. बाईंच्या चेहऱ्यावर हसू उमटलं. तेवढ्यात वरून कर्रर्र आवाज आला, टोपीचा भलामोठा पोपडा सुटला आणि मामांच्या टकलावर फुटला. मामा पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसायला लागले. पण हसायला कुणी तयार नव्हतं. सगळे वर बघत होते.

टोपी ही टोपी नव्हतीच. पोपड्याखाली विटा होत्या. चुना फासून, रंग लावून दगडोबाच्या डोक्यावर रचलेल्या विटा, आणि त्यांवर टेकलेली सभागृहाची मधली तुळई.

"हे काय आहे?" बाईंचा आवाज चिरकला.

कंत्राटदार मान खाजवायला लागला. "आमच्या वडिलांचं काम दिसतंय, बाई. तुळई कुजली होती ना तेव्हा. नवी घालेपर्यंत तात्पुरता टेकू दिला असणार. ते कायम म्हणायचे, शाळेचं काम मी फार डोकं वापरून केलंय."

"आणि नवी कधी घालायची होती?"

"तात्पुरतं होतं हो. घाई कुठे होती?"

आता दगडोबाला उभा करावा तर तुळई कुरकुरे, कलता ठेवावा तर जास्तच कुरकुरे. मामांनी सहावीचे बाक एकावर एक रचून टेकू दिला, ते घसरले. नकाशांचं कपाट लावलं, त्याची दारं उघडून सगळे देश जमिनीवर लोळले. शेवटी कंत्राटदाराने घाबरून मशालीचा हातच तुळईखाली उभा केला. तो क्षणभर राहिला, आणि मग मनगटात मोडला. मशाल घरंगळत बाईंच्या पायाशी आली.

"आता खारूताईला बोलवा," बाई म्हणाल्या.

खारूताई म्हणजे सरकारी बांधकाम खात्यातल्या इंजिनिअर. पूर्वी याच शाळेत शिकत होत्या आणि दप्तर आधी खिडकीतून फेकून मग स्वतः उडी मारायच्या, म्हणून ते नाव. त्यांच्या घरातल्या कुठल्याच बाईने तोवर शाळा आतून बघितली नव्हती. त्यांच्या वडिलांशी दारात उभं राहून भांडून मोठ्या बाईंनी त्यांना शाळेत आणलं होतं. आता खारूताई शिरस्त्राण घालून आल्या, तुळईवर हातोडी वाजवली आणि कान लावला.

"सांग यांना, खारे. उद्यापर्यंत निघेल ना हा?"

"बाई, याला हात लावायचा नाही."

"अगं, तूच याच्या नाकावर खडू मारायचीस!"

"आता मी नाक बघत नाही, बाई, भार बघते. हा गेला तर छप्पर गेलं. आणि हा राहिला तरी मुली इथे बसायच्या नाहीत. सगळ्या तुळया कुजल्यात. मला आजच कुलूप लावावं लागेल."

"माझ्या शाळेला? तू लावणार कुलूप?"

"तुम्हीच शिकवलंत ना, उत्तर आवडो न आवडो, बरोबर असेल तेच लिहायचं."

बाईंना अभिमान आणि रडू एकदमच आलं. दोन्हींना पुरेल एवढा चेहरा नव्हता, म्हणून त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसल्या.

दुसऱ्या दिवशी, स्वातंत्र्यदिनाला, झेंडा पटांगणात लागला. निदान प्रमुख पाहुण्यांना बिल्ले दिसू नयेत म्हणून मामांनी दगडोबाला खांद्यापासून खाली स्टेजचा पडदा गुंडाळला होता. पाहुण्यांनी धरणं, रस्ते, रॉकेट असं सगळं भाषणात बांधून काढलं. मग त्यांना आठवलं, की आपल्याला पुतळ्याचं अनावरण करायचंय. कुलूप बघून ते खिडकीशी गेले आणि आत डोकावले. मागोमाग फोटोवाले.

"अरे वा! एकटा माणूस अख्खं छप्पर पेलतोय! कोण हे?"

नदीपलीकडचे टेकडीवाल्यांकडे बघायला लागले, टेकडीवाले पेठेकडे.

"आहेत इथलेच," मामा पुटपुटले. "जुने."

"बघा!" पाहुणे गर्जले. "अशांच्याच डोक्यावर हा देश उभा आहे! यांना इथून कुणीही हलवायचं नाही. हा माझा हुकूम समजा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनी पण वाजवल्या. हात कसेबसे एकमेकांना लागले, आवाज काही आला नाही.

नव्या इमारतीचं काम मंजूर आहे, असं तेव्हापासून सगळेच सांगतात. बाईंचा शेवटचा दिवस आला तेव्हा वर्ग पटांगणातच भरत होता. दुपारची वेळ, उन्हात तापलेले बाक आणि इतिहासाचा तास. परके लोक देश सोडून गेले, इथपर्यंत बाई आल्या, आणि पाचवीतली चिमणी उभी राहिली. चिमणी म्हणजे हात वर न करता बोलणाऱ्यांपैकी.

"बाई, पण तो आत आहे आणि आपण बाहेर. मग गेलं कोण?"

पोरी खिदळल्या. बाई हसल्या नाहीत. त्या खडू धरून कुलपाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी फळ्यावरचं सगळं पुसून टाकलं.

"उठा गं सगळ्या. फळा सावलीत ओढा," त्या म्हणाल्या. "उत्तर मोठं आहे, आणि माझ्याकडे संध्याकाळपर्यंतच वेळ आहे."