मागच्या चाकांची गाडी

विजापूर रोडच्या सिग्नलला हिरवा दिवा लागला की आधी मोटारसायकली सुटतात, मग रिक्षा, मग बाकीचे. आमच्या शेजारच्या मंगलताई तिथं असल्या की हा क्रम मोडायचा. सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, वय सहासष्ट. आणि त्यांची जुनीपुराणी मोटारगाडी टायरचा आवाजसुद्धा न करता सगळ्यांच्या पुढं. चौक ओलांडला की लगेच वेग कमी. मोटारसायकलवाले वळून बघत पुढं निघून जायचे. ताईंना त्याचं काही नसायचं. "मला पळवायची न्हाय वंदना, सोडायची हाय," म्हणायच्या.

ताई मूळच्या सांगोल्याकडच्या. तीस वर्षं मुलींच्या शाळेत पीटी शिकवली, पण बोली गावचीच राहिली. धावणाऱ्या मुली पहिल्या तीन पावलांतच हरतात, हे त्यांचं ठाम मत. निवृत्त झाल्यावर ते त्यांनी गाडीला लागू केलं. गाडी यजमानांची. ते होते तोवर ताईंनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. ते गेल्यावर वर्षभरानं शिकल्या.

त्या गाडीत इंजिनाचा जोर मागच्या चाकांना जातो, ही माहिती मला न विचारता मिळाली. ती चाकं जागेवर गरगरली तर वेळ वाया, म्हणून वजनाला डिकीत ज्वारीची दोन पोती कायम. "क्लच पायानं सोडत न्हाईत, कानानं सोडतात," हे दिवसातून एकदा तरी ऐकायचं. इंजिनाचा आवाज किंचित खाली बसला की क्लचनं पकडलं. तिथं पाय क्षणभर थांबवायचा, मग ॲक्सिलरेटर दाबत दाबत उरलेला सोडायचा. घाईनं सोडला तर गाडी बंद, रेस जास्त झाली तर नुसती माती उडते. मी भाकरी थापत असताना माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून त्यांनी हे पायानं करून दाखवलं आहे.

रविवारी सकाळी एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर सराव चालायचा. शेजारी मी, हातात स्टॉपवॉच. मी मनातून हसायचे, पण जायचे.

मग जुन्या गाड्या बाळगणाऱ्या काही हौशी मंडळींनी एका मैदानावर शर्यत ठरवली. उभ्या गाडीनं सुटायचं, शंभर मीटर. ताईंनी नाव दिलं. त्यानंतरच्या रविवारी रस्त्यावर बारीक खडी सांडली होती. आज नको, असं मी म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. चाकं खडीवर गरगरली आणि गाडीचा मागचा भाग एकदम आडवा फिरला. कडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीपासून हातभर अंतरावर आम्ही थांबलो. ताई खाली उतरल्या, खडी पायानं चाचपली आणि म्हणाल्या की चूक पायाची झाली, पुढच्या वेळी जमेल. मला पुढची वेळ नको होती.

त्या दुपारी मी पुण्याला त्यांच्या मुलाला, महेशला, फोन केला. त्यांच्या भल्यासाठीच, असं स्वतःला सांगितलं. खरं तर मी घाबरले होते, आणि ते ताईंना तोंडावर सांगायची हिंमत नव्हती.

महेश चार दिवसांत आला. भांडला नाही. आईला नवी ऑटोमॅटिक गाडी दिली आणि जुनी एका ओळखीच्या माणसाला देऊन टाकली. किल्ली महेशच्या हातात देताना ताईंनी एवढंच सांगितलं, की थंडीत तिला आधी जरा तापू द्यायला सांग. शर्यतीच्या दिवशी त्या गच्चीवर ज्वारीला ऊन देत बसल्या होत्या. मी जिन्यापर्यंत गेले आणि परत आले.

पुढं पंधरा दिवसांनी त्या मला नव्या गाडीतून बाजारात घेऊन गेल्या. मंडईबाहेर लिंबाखाली गाडी लावली, तेव्हा मला राहवलं नाही. फोन मी केला होता, हे सांगून टाकलं.

"म्हाईत हाय की," ताई म्हणाल्या. "तू भ्यालीस. मीबी भ्याले हुते त्या दिवशी."

ती शर्यत इतकी महत्त्वाची होती का, असं मी विचारलं. ताईंनी स्टिअरिंगवर बोट टेकवलं.

"शर्यतीचं काय न्हाय गं. ही गाडी चांगली हाय, पण ही पुढनं वढून नेती. ती मागनं ढकलायची. सुटताना पाठ सीटला टेकायची बघ, तवा वाटायचं, कुणीतरी पाठीवर हात ठेवलाय आन् जा म्हणतंय. तेवढंच. दुसरं कोण ठेवतंय आता."

माझा हात पिशवीच्या बंदावर होता. तो उचलावा, असं फार वाटलं. पण कोथिंबीर संपायच्या आत जाऊ या म्हणत ताईंनी दार उघडलं आणि त्या उतरल्यासुद्धा.