गिटारीच्या पोटातले मिस्त्री

पहिला फोटो काढून मिस्त्रींनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला, तेव्हा गिटारीच्या ऐन पोटात त्यांना एक माणूस दिसला. बनियन घातलेला, ढेरी सुटलेला, दोन्ही हात पुढे करून उभा. तो माणूस आपणच आहोत हे कळायला त्यांना अंमळ वेळ लागला.

"अगं, हे बघ जरा."

बायको बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनवर बसली होती. तिने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि फोटो पाहिला.

"छान आलाय की तुमचा."

"माझा नाही, गिटारीचा काढतोय."

"मग ती कुठंय?"

मिस्त्रींनी तीस वर्षं दारं, खिडक्या आणि कपाटं केली. गावात निम्म्या घरांची दारं त्यांच्या हातची होती, पण दारावर घरमालकाचं नाव असतं, सुताराचं नाही. पन्नाशी उलटल्यावर त्यांना गिटारी बनवायचं वेड लागलं. पहिलीचा आवाज रिकाम्या डब्यासारखा आला. दुसरीची मान वाकडी झाली. तिसरी त्यांनी कुणाला दाखवलीच नाही. चौथी मात्र काळीभोर, पॉलिशचे चौदा हात दिलेली, आणि आवाज असा की पहिल्यांदा तार छेडली तेव्हा बायकोने मशीन थांबवलं होतं. वाद्य बनवणाऱ्यांच्या एका मोठ्या प्रदर्शनासाठी तिची निवड झाली. प्रदर्शनाच्या पुस्तिकेत कारागिराचं नाव छापून येणार होतं. फक्त एक फोटो पाठवायचा होता, समोरून काढलेला, स्वच्छ, आज पाचच्या आत. फोटो नाही तर जागा नाही, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. आणि 'अजून एकदा घासतो, अजून एकदा घासतो' करत मिस्त्रींनी कालपर्यंत गिटार हातावेगळी केलीच नव्हती.

त्यांनी अंगात शर्ट घातला. पुढच्या फोटोत शर्ट घातलेला माणूस आला. ते दोन पावलं सरकले, तर त्यांच्या जागी खिडकी आली. खिडकी लावली, तर पंखा आला. खोलीतली एकही वस्तू गिटारीने सोडली नाही. कपाटाखाली सरकलेली चप्पलसुद्धा तिच्यात व्यवस्थित दिसत होती, जी मिस्त्री चार दिवस शोधत होते.

"बाळ्याला बोलवू का?" बायकोने विचारलं.

बाळ्या म्हणजे तिचा चाळिशीतला धाकटा भाऊ. तो लग्नांचे फोटो काढायचा. रडणारी नवरी हसवणं आणि हसणारा नवरा गंभीर करणं, दोन्हींत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. बाराच्या सुमाराला तो दोन्ही खांद्यांवर पिशव्या अडकवून आला. त्याने गिटार खुर्चीवर बसवली, मागे उशी दिली आणि सवयीने म्हणाला, "रिलॅक्स, जरा मान तिरकी."

"ती लाकडाची आहे रे," मिस्त्री म्हणाले.

"भाऊजी, माझ्यासमोर भलीभली माणसं लाकडासारखी बसतात. तुम्ही बघत राहा."

त्याने फ्लॅश मारला. फोटोत गिटारीच्या पोटात सूर्य उगवला होता. "उजेड बाहेरचाच पाहिजे," असं म्हणून त्याने सगळा संसार मागच्या अंगणात नेला. तिथे गिटारीत ढग आले, दोरीवर वाळणारे उशीचे अभ्रे आले, आणि वरच्या गॅलरीत दाढी करणारे शेजारीही आले. आपला फोटो निघतोय असं वाटून त्यांनी फेस पुसला आणि ताठ उभे राहिले. त्यांचा मान राखायला मेहुण्याला दोन फोटो जास्त काढावे लागले.

घरात परतल्यावर मेहुणा थोडा विचारात पडला. मग त्याचा चेहरा उजळला. "भाऊजी, नवरीचं कपाळ चमकायला लागलं की आम्ही काय करतो?"

याचं उत्तर काय असेल याचा मिस्त्री विचार करत होते, तोवर मेहुण्याने पिशवीतून पावडरचा डबा काढला होता आणि पफ भरून गिटारीवर दोन हात फिरवलेही होते.

मिस्त्री मटकन स्टुलावर बसले. चौदा हात पॉलिश, दोन महिन्यांचं घासकाम, आणि वर पसरलेली पांढरी पावडर. तारांखाली पावडर, खुंट्यांत पावडर.

"पुसतो लगेच," म्हणत मेहुण्याने खिशातला रुमाल काढला.

"हात लावू नकोस." मिस्त्रींचा आवाज इतका हळू निघाला की मेहुणा जागच्या जागी थांबला. "पावडरीत एक कण जरी खरखरीत असला ना, तर रेघ उठेल. ती काढायला परत पहिल्यापासून."

बायकोने मशीनमधली धूळ झाडायचा मऊ ब्रश आणून दिला. मिस्त्री गिटारीवर ओणवे झाले. एक फुंकर, एक ब्रशाचा हात, परत फुंकर. तासभर खोलीत दुसरा आवाज नव्हता. शेवटी त्यांनी गिटार खिडकीपाशी नेऊन तिरक्या उजेडात धरली आणि एक डोळा मिटून टोकापासून टोकापर्यंत पाहिली. ओरखडा नव्हता. मेहुण्याने तेव्हा कुठे श्वास सोडला.

तीन वाजले होते. बायकोने अस्तराच्या काळ्या कापडाचा तागा काढला, दोरीवर भलामोठा पडदा टांगला आणि मधोमध कात्रीने गोल भोक पाडलं. कॅमेऱ्याचं तोंड भोकातून बाहेर, मेहुणा पडद्यामागे. आता गिटारीला समोर काळ्या कापडाशिवाय काही दिसणार नव्हतं. युक्ती नामी होती. फोटोत माणूस नव्हता, पंखा नव्हता, चप्पल नव्हती. सहा तारा तेवढ्या अंधारात लोंबकळत होत्या.

"आता तुम्ही दिसत नाही," बायको म्हणाली.

"गिटारपण दिसत नाही," मिस्त्री म्हणाले. "राहू दे आता. कपाटंच बरी. कपाटाचा फोटो कुणी मागत नाही."

गिऱ्हाइकं नवे कपडे घालून बघायची त्या आरशासमोर बायको जाऊन उभी राहिली आणि तिथूनच म्हणाली, "या आरशाच्या समोरच्या भिंतीवर मी पांढरा पडदा का लावलाय, माहितीये? नाहीतर बाईला नव्या ड्रेसच्या आधी माझा पसारा दिसतो. आरसा काहीतरी दाखवणारच. काय दाखवायचं ते आपण ठरवायचं."

मिस्त्री उठले. पॉलिश तपासताना ते रोज काय करत होते? गिटार तिरक्या उजेडात धरत होते. त्यांनी डावीकडची खिडकी सताड उघडली, तिच्यावर पांढरी चादर ताणून खिळे मारले आणि गिटार इंच इंच फिरवू लागले. एका जागी तिच्या खांद्यावरून कमरेच्या वळणापर्यंत उजेडाची एक दुधाळ रेघ सरसरत उतरली. काळ्या कापडातून काळी गिटार अलगद वर आली.

"हलू नका कुणी," मेहुणा पडद्यामागून म्हणाला. या खेपेला तो गिटारीशी एक शब्द बोलला नाही.

फोटो पाहून मिस्त्रींनी चष्मा काढून पुसला आणि परत पाहिला. पाचला दहा कमी असताना फोटो रवाना झाला. बायकोने चहा टाकला.

पाच वाजून पाच मिनिटांनी प्रदर्शनाच्या बाईंचा फोन आला. "फोटो मिळाला. पण आम्ही फक्त खऱ्या वाद्यांचे फोटो छापतो. कॉम्प्युटरवर बनवलेली चित्रं आम्हाला चालत नाहीत."

"अहो, खरी आहे ती. माझ्यासमोर आहे."

"आमचे लोक म्हणतात, एवढ्या चकचकीत गिटारीत काहीच कसं दिसत नाही? खोली नाही, कॅमेरा नाही, माणूस नाही. खरी वस्तू अशी नसते हो."

मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं, बायकोने भावाकडे. मेहुण्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. आधी हसू फुटलं ते बायकोला.

"दहा मिनिटं द्या," मिस्त्री फोनवर म्हणाले. "माणसांसकट पाठवतो."

काळा पडदा खाली आला. मेहुणा कॅमेरा घेऊन उघडउघड समोर उभा राहिला. त्याच्या डावीकडे मिस्त्री, उजवीकडे गळ्यात टेप अडकवलेली बायको, मागे मशीन, वर पंखा. मिस्त्रींनी केसांवरून पाण्याचा हात फिरवला. "भाऊजी, पोट आत," मेहुणा म्हणाला, आणि एकाच दमात फोटो निघाला.

या वेळी फोन यायला पाच मिनिटंही लागली नाहीत. बाईंचा आवाज पार बदलला होता. "पॉलिश कुणी केलंय?"

"मीच."

"आमच्या परीक्षकांनी फोटो मोठा करून पाहिला. पॉलिशमध्ये त्या बाईंच्या गळ्यातल्या टेपवरचे आकडे वाचता येतात. उलटे आहेत, पण वाचता येतात. असं काम त्यांनी आजवर पाहिलं नाही म्हणतात. हा फोटो आम्ही मुखपृष्ठावर घेतोय. खाली तुमचं नाव ठळक येईल."

मिस्त्रींनी फोन मेहुण्याच्या हातात दिला आणि गिटारीसमोर जाऊन उभे राहिले. तिच्या पोटात उभा असलेला माणूस त्यांना पहिल्यांदाच बरा दिसला.

"फोटोग्राफरचं नाव काय द्यायचं?" बाईंनी विचारलं.

"नावाची काय गरज आहे?" मेहुणा म्हणाला. "मी मधोमध उभाच आहे."