समन्सला पळाले, वॉरंटला चहा पाजला

"कोर्टाचा कागद नुसता हातात द्या, वजनावरनं सांगतो कसला हाय!"

असं गडमुडशिंगीभर सांगत फिरणारे आकाराम आबा शिरोलीच्या फौंड्रीतून रिटायर झालेले. कायद्याशी संबंध एवढाच, की लेक अनुजा कोल्हापुरात वकिली शिकत होती.

आणि एका दुपारी हवालदार खुद्द आबांच्याच दारात! सही घेतली, कागद दिला, गेला. गेल्या साली डेअरीवर गावातल्या कृष्णात नावाच्या गड्यानं जोतीरामच्या डोक्यात दुधाची किटली घातली, तेव्हा आबा रांगेत शेजारीच उभे होते. त्याच भांडणाची केस. आबांनी वरचं काही वाचलंच नाही. नजर गेली ती थेट शेवटच्या ओळीवर: 'गैरहजर राहिल्यास वॉरंट काढण्यात येईल.'

"तानाबाई! वॉरंट आलंय!"

"आवं, पण तुमी केलंय काय?" बायको हादरली.

"मारामारी बघितली की! आता बघणं बी गुन्हा झालाय!"

अर्ध्या तासात आबा बिद्रीच्या मेव्हण्याकडं पसार! तिथं दारात गाडी वाजली, की हे कडब्याच्या गंजीमागं. दहाव्या दिवशी अनुजा घरी आली, कागद वाचला आणि कपाळाला हात लावून तिनं फोन केला.

"आबा, हे समन्स हाय! साक्षीदार म्हणून या, असं कोर्टाचं बोलावणं. वॉरंट म्हंजे धरून आणा, असा पोलिसांना हुकूम. तुमाला कोण धरतंय? पण आबा, तारीख तर..."

आबांनी आनंदानं फोनच बंद केला.

घरी परतले ते गुरुजी होऊन. "समन्स म्हंजे निस्तं बोलावणं! भ्यायचं न्हाय!" साऱ्या गल्लीला पाठ झालं. त्यामुळं पंधरा दिवसांनी हवालदार पुन्हा आला, तेव्हा आबांनी खुर्ची दिली, चहा दिला, भडंग दिलं.

"या पावणं! सही कुठं करू?"

हवालदारानं सावकाश चहा संपवला. "काका, समन्स मागच्या वेळचं. तुमी तारखेला आला न्हाईसा. हे वॉरंट हाय!"

आबा भडंगाच्या वाटीसकट मागच्या दाराकडं सरकले.

"जामीनपात्र हाय, घाबरू नका. पुढच्या तारखेला येतो म्हणून लिहून द्या. आन् कुणीतरी जामीन ऱ्हावा."

"मी हाय की जामीन," तानाबाईंनी पदर खोचला. "पण ह्ये परत पळालं तर?"

"मग तुमच्या नावानं नोटीस निघंल."

झालं! त्या दिवसापासनं आबा मोरीत गेले, तरी तानाबाई दाराबाहेर उभ्या.

तारखेला न्यायाधीशांनी विचारलं, "समन्स मिळालं नव्हतं का?"

"मिळालतं की साहेब! म्हणून तर पळालो!"

सारं कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी ताकीद देऊन वॉरंट रद्द केलं. आबांनी घसा खाकरला. आठ दिवस आरशासमोर घोकलेली साक्ष ओठांवर आली, आणि दोन्हीकडचे वकील उठले. "साहेब, दोघांची तडजोड झालीय." केस मिटली! साक्ष आबांच्या पोटातच राहिली.

बाहेर चहाच्या गाडीवर कृष्णात आणि जोतीराम एकमेकांना बिस्कीट भरवत होते. आबांना राहवेना. "आरं, ऐका तर खरं!" म्हणत त्यांनी साक्ष सुरू केली. किटली कशी उचलली, कशी फिरवली, आणि उचलताना कृष्णात जोतीरामच्या म्हशीबद्दल काय काय म्हणाला, सगळं हातवाऱ्यांसकट!

जोतीरामनं ग्लास खाली ठेवला. "माझ्या म्हशीला असं बोललास? मला ह्ये ऐकूच आलं नव्हतं!"

कृष्णातही बाह्या सारत उठला. तानाबाईंनी आबांची कॉलर धरली आणि रिक्षाकडं ओढलं.

"पर मी खरं तेच सांगालतो की!" आबा रिक्षातनंही ओरडत होते.