रंगोबा साळिंदराचा उशिरा टिपणारा कॅमेरा

एका जंगलात एक साळिंदर होतं आणि त्याच्याकडे कॅमेरा होता. साळिंदराकडे कॅमेरा कुठून आला, असं ज्याला विचारायचं असेल त्याने आत्ताच उठून हातपाय धुवायला जावं. बाकीच्यांनी नीट मांडी घालून बसा.

तर या साळिंदराचं नाव रंगोबा. त्याच्या बायकोचं नाव चंद्राक्का. रंगोबा लग्नाकार्यात फोटो काढायचा. बरं चाललं होतं दोघांचं. मग कॅमेऱ्याला एक खोड लागली. खटका आधी वाजायचा आणि फोटो मागून निघायचा. मधे एक जांभई देऊन होईल एवढा वेळ जायचा.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा वेळात काय बिघडतं? अरे, सगळं बिघडतं! खटका वाजेपर्यंत मंडळी हसून उभी. खटका वाजला की हसू गळालं. आणि नेमका तेव्हाच फोटो निघायचा. मुंगसांच्या लग्नात नवरी नवऱ्याकडे खाऊ की गिळू अशी बघत होती, कारण तो तिच्या शेपटीवर उभा होता. सशांच्या बारशात आत्याबाई दुसऱ्यांच्या आहेराची पाकिटं चाचपताना आल्या. फोटो अगदी स्वच्छ हं. पण घरात लावायला कुणी नेईना. हळूहळू रंगोबाला बोलावणं येणं बंद झालं.

त्यातच चंद्राक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. नवरा कुठे बसलाय हे तिला काटा टोचल्यावरच कळायचं. डॉक्टर घुबड म्हणाले, "एका डोळ्याला एक पोतं मोहफुलं. दोन डोळ्यांना दोन पोती. घासाघीस चालणार नाही."

घरात होतं अर्धं पोतं. रंगोबाने ठरवलं, कॅमेरा विकायचा. चांगल्या कॅमेऱ्याला त्या जंगलात दोन पोती सहज येत.

पण चांगल्या कॅमेऱ्याला! इथेच तर घोडं अडलं. दुरुस्त करून विकावा, तर दुरुस्तीत घरातलं अर्धं पोतं जाणार. तसाच विकावा, तर घेणाऱ्याला काय सांगावं? रंगोबा आठ दिवस बिळाच्या तोंडाशी बसून कॅमेरा पुसत राहिला. पुसण्याने काही होत नव्हतं, पण नुसतं बसवतही नव्हतं.

जुन्या सामानाचा धंदा करणारा कोल्हा बंडूशेठ त्याच्याकडे आला. म्हणाला, "रंगोबा, डोकं लावू नकोस. पाटी लिही. 'किरकोळ वापरलेला. एकाच हातचा. मालक परगावी जात असल्याने विकणे आहे.'"

"पण आम्ही कुठे चाललोय परगावी?"

"कुणीच जात नसतं रे. लिहायचं असतं तसं."

"आणि फोटो उशिरा निघतो, ते?"

"ते त्याचं तो बघेल की घरी गेल्यावर!"

आतून चंद्राक्का कडाडली, "शेठ, माझे डोळे गेलेत, अक्कल नाही गेली. दुसऱ्याच्या डोळ्यांत धूळ टाकून मला माझे डोळे नकोत. अहो, जे असेल ते सांगून विका."

रंगोबाला रडूच आलं. बायकोचा अभिमानही वाटला आणि तिची काळजीही वाटली. त्याने पाटीवर लिहिलं, 'कॅमेरा विकणे आहे. एक दोष आहे. समक्ष सांगू.'

लगेच गिऱ्हाईक आलं. आणि कोण आलं? दरबारचे प्रसिद्धी अधिकारी, तरस रावसाहेब! सिंहमहाराजांचं वृक्षारोपण जवळ आलं होतं. महाराज दर वर्षी एक रोप लावत. खड्डा ठरलेला होता. त्याच खड्ड्यात बारा वर्षं बारा रोपं लावून झाली होती. टाळ्या वाजवू नका, पुढे ऐका.

रंगोबाने दोष सांगितला. रावसाहेबांनी डोळे बारीक केले.

"एक दोष तू स्वतःहून सांगतोस?"

"हो साहेब."

"म्हणजे आत दहा असणार. मी काय आज नोकरीला लागलोय? जा, दुरुस्त करून आण. मग बघू."

झालं. रंगोबा अर्धं पोतं डोक्यावर घेऊन सुतारपक्षी मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीने कॅमेरा उघडला. चोचीने चार ठिकाणी ठोकलं, कान लावला, फुंकर मारली, बंद केला. रंगोबाने एक फोटो काढून बघितला. उशीर कमी झाला होता, गेला नव्हता. पूर्वी जांभईएवढा होता, आता शिंकेएवढा.

"मिस्त्री, थोडा राहिलाय की हो!"

"तेवढा राहणारच. यंत्राचा स्वभाव असतो तो," मिस्त्री म्हणाला आणि पोतं ओढून ढोलीत ठेवलं.

रंगोबा धावत दरबारात गेला. "साहेब, दुरुस्त केला. आता फक्त शिंकेएवढा उशीर होतो."

रावसाहेबांनी त्याचं बोलणं ऐकलंच नाही. त्यांनी कॅमेरा उलटा केला. एकेक स्क्रू नाकाशी धरून बघितला. स्क्रूंवर ओरखडे होते.

"हा उघडलाय!"

"दुरुस्त करायचा तर उघडावा लागतो ना साहेब. तुम्हीच तर सांगितलंत."

"मी दुरुस्त कर म्हणालो. उघड म्हणालो? उघडलेली वस्तू दरबार घेत नाही."

मुलांनो, आपल्याकडेही असंच असतं बरं का. आतून सडलेली चालते, पण स्क्रू कुणी हलवलेला नको. मोठे झालात की कळेल.

रंगोबा कॅमेरा घेऊन घरी निघाला. वाटेत बंडूशेठ भेटला. "दे मला. एक पोतं देतो." रंगोबाने त्यालाही शिंकेएवढ्या उशिराचं सांगितलं. बंडूशेठने प्रेमाने त्याची पाठ थोपटली आणि हाताला टोचलं म्हणून ओरडला. एका पोत्यात एकच डोळा होणार होता. रंगोबाने कॅमेरा दिला.

चंद्राक्का म्हणाली, "डावा करा. उजव्या कुशीवर झोपते मी."

इकडे बंडूशेठने स्क्रूंवर ओली माती चोळली. उन्हात वाळवली. कॅमेरा सागाच्या कोऱ्या पानात गुंडाळला आणि थेट रावसाहेबांपुढे ठेवला.

"दोष काय यात?" रावसाहेबांनी विचारलं.

"दोष असता तर तुमच्यासमोर आलो असतो का, साहेब?"

रावसाहेबांनी स्क्रू बघितले. माती तशीच. "याला म्हणतात वस्तू," ते म्हणाले आणि चार पोती मोजली.

वृक्षारोपण झालं. खटका वाजला. आणि एक शिंक देऊन होईल एवढ्या वेळाने फोटो निघाला. तो वडाच्या खोडावर लावल्यावर सगळं जंगल तिथे लोटलं. फोटोत रोप आडवं पडलं होतं. महाराज त्याच्याच पानांना पंजे पुसत होते. मंत्रिमंडळ पाठमोरं, जेवणाच्या दिशेने निघालेलं. माकडं हसून हसून फांदीवरून पडली.

महाराज खवळले. दरबार भरला. बंडूशेठने हात जोडून सांगितलं, "मूळ मालक रंगोबा." रंगोबाला पकडून आणलं.

"का रे, कॅमेऱ्यात दोष आहे हे सांगितलं का नाहीस?" महाराज गरजले.

"सांगितलं होतं महाराज. दोनदा."

महाराजांनी रावसाहेबांकडे बघितलं. रावसाहेब म्हणाले, "सांगितलं होतं, महाराज. म्हणूनच तर याच्याकडून घेतला नाही."

दरबाराने बराच विचार केला. निकाल असा लागला. कॅमेरा खराब असणं शक्य नाही, कारण त्यावर चार पोती खर्ची पडली आहेत. बंडूशेठ निर्दोष, कारण तो दोषाबद्दल काही बोललाच नाही. रंगोबाने मात्र वेळीअवेळी खरं बोलून अधिकाऱ्यांची दिशाभूल केली. त्याला शिक्षा अशी की, यापुढे प्रत्येक समारंभात त्याने कॅमेऱ्याशेजारी फुकट उभं राहावं आणि फोटो खरोखर निघेपर्यंत हात वर धरावा. तो हात खाली करेपर्यंत महाराजांसकट सगळ्यांनी हसू धरून ठेवावं.

पुढच्या वर्षी महाराजांनी त्याच खड्ड्यात तेरावं रोप लावलं. नव्हे, चौदावं. फोटोत आडवं पडलं ते तेरावं, नाही का? चुकतंय माझं, पण तुम्ही मोजू नका. रोपांचं कंत्राट बंडूशेठकडे होतं. खटका वाजला. रंगोबाचा हात वर. महाराजांचे गाल थरथरायला लागले, तरी हसू सुटू दिलं नाही.

गर्दीत चंद्राक्का उभी होती. एका डोळ्याने सगळं बघत होती.

घरी येताना रंगोबा म्हणाला, "अगं, थोडं खोटं बोललो असतो तर तुझा दुसराही डोळा झाला असता."

"राहू द्या हो," चंद्राक्का म्हणाली. "एवढं बघायला एक पुरतो."

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलावं. फक्त त्या दिवशी विकायला काही काढू नये. काढलंच, तर ते दुरुस्त करायच्या फंदात न पडता स्क्रूंना माती लावावी.